फ्रेम मोजण्याआधी फाईल तपासा

सांगलीत फिजिक्स करून मी फॉरेन्सिकला गेले आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी झॅप्रुडर फिल्म घेतली. केनेडींच्या हत्येची, २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस. विषय वजनदार, माहिती भरपूर, सगळं नेटवर उपलब्ध. सोपं जाईल असं वाटलं होतं. त्या प्रकल्पात मी अशी तोंडावर आपटले की वर्षभर कुठलंही फुटेज उघडायची भीती वाटायची. तुमच्यापैकी कुणी या वाटेने निघालं असेल तर निदान त्याच खड्ड्यात पडू नये, म्हणून हे लिहितेय.

फिल्म कशी आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. अब्राहम झॅप्रुडर हे कपड्यांच्या धंद्यातले गृहस्थ, हातात बेल अँड हॉवेलचा चावीचा आठ मिलिमीटर कॅमेरा. ४८६ फ्रेम, साडेसव्वीस सेकंदांच्या आसपास. त्यांच्या कॅमेऱ्याची चाचणी घेऊन एफबीआयने वेग काढला, सेकंदाला सरासरी १८.३ फ्रेम. म्हणजे एक फ्रेम साधारण ५५ मिलिसेकंदांची. सगळा पुरावा या आकड्यावर उभा आहे. हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरेन आयोगाने पहिली गोळी फ्रेम २१० ते २२५ च्या दरम्यान लागली असं धरलं आणि डोक्याला लागलेली ३१३ ला. मधलं अंतर ४.८ ते ५.६ सेकंद निघतं ते १८.३ ने भागूनच.

आता माझी चूक. ही जरा सविस्तर सांगते, कारण हीच चूक मी नंतर इतरांच्या अहवालांतही पाहिली आहे.

नेटवरून मी एक स्वच्छ, स्थिर केलेली प्रत उतरवली. आयोगाच्या मोजणीत फ्रेम १६१ ते ३१३ या काळात केनेडींची गाडी १३६.१ फूट गेली आणि सरासरी वेग ताशी ११.२ मैल, म्हणजे साधारण १८ किलोमीटर, आला. मी त्याच दोन जागा पडद्यावर ओळखल्या आणि मधल्या फ्रेम एकेक करून मोजल्या. २४९ भरल्या. त्यांना १८.३ ने भागलं तर साडेतेरा सेकंद. वेग आला ताशी ११ किलोमीटर! शिवाय फ्रेम पुढे सरकवताना गाडी मध्येमध्ये चक्क जागीच थांबलेली दिसायची. गाडी जवळजवळ थांबली होती असं सांगणारे साक्षीदार आहेतच. मला वाटलं, सापडलं. दोन रात्री झोपले नाही, सेमिनारमध्ये छाती पुढे काढून मांडलं. मार्गदर्शकांनी मान डोलावली आणि सही केली.

माझी फाईल सेकंदाला ३० फ्रेमची होती. १८.३ च्या फिल्मचे ३० करायचे तर सॉफ्टवेअर काही फ्रेम दोनदा टाकतं. दोनदा, दोनदा, एकदा, साधारण अशी चाल. मूळच्या १५२ फ्रेमचे २४९ होतात ते असे. गाडी थांबलेली नव्हती, तीच फ्रेम मला पुन्हा दिसत होती. एक साधी वजाबाकी केली असती तर कळलं असतं. लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा करा. चित्र जवळजवळ काळं आलं तर ती नक्कल. खरी फ्रेम असती तर कॅमेरा धरलेल्या हाताचा कंप कडांवर दिसलाच असता.

हे मला कुणी शिकवलं? भरमसाट फी घेणाऱ्या कोर्सने नाही. सांगलीच्या गणपती पेठेत एक स्टुडिओवाले काका आहेत, आता निवृत्त. त्यांनी खिडकीच्या उजेडात आठ मिलिमीटरची पट्टी धरली आणि नख एकेका भोकावरून सरकवत म्हणाले, "हे बघ पोरी, एका भोकाला एक फ्रेम. फुटाला ऐंशी. तुझी ती अख्खी फिल्म सहा फुटांची. मग तू मोजलंस ते काय?" मी गप्प. माझं ठाम मत आहे की ज्याने हातात फिल्म धरलीय, कॅसेट जोडलीय, अशा माणसाकडे आठ दिवस बसा. सहीपुरते मार्गदर्शक पुष्कळ मिळतात.

दुसरं, छापलेल्यावरही डोळे मिटून विसंबू नका. आयोगाच्या खंडात फ्रेम ३१४ आणि ३१५ उलट क्रमाने छापल्या गेल्या. डोकं कुठल्या दिशेला गेलं यावर वाद असताना एवढी अदलाबदल पुरते. मूळ फिल्ममध्येही २०८ ते २११ या फ्रेम नाहीत, फिल्म विकत घेतलेल्या 'लाइफ' मासिकाच्या प्रयोगशाळेत ती तुकडा पडून जोडली गेली. जोड कुठे आहे हे आधी शोधा.

आणि एआयने "स्पष्ट" केलेलं फुटेज? मोजमापासाठी अजिबात वापरू नका. ते पिक्सेल कल्पनेने भरतं.

घाबरू मात्र नका. गणित दहावीचं आहे, खरंच. जड जाते ती ३१३. ती शंभरदा पाहावी लागते. ती छापू नका अशी विनंती खुद्द झॅप्रुडर यांनीच मासिकाला केली होती. तो एक माणूस मरतोय हे लक्षात ठेवा, आणि लागोपाठ तासभर बसू नका. मला रात्री दचकून जाग यायची. ते सहा महिन्यांत कमी झालं.

आपल्याकडे काम बहुतेक मोबाईल आणि सीसीटीव्हीचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. म्हणून मूळ फाईल हातात येताच हॅश काढा, काम प्रतीवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाईल म्हणजे मूळ नव्हे.

सराव करायचा असेल तर सांगलीच्या आयर्विन पुलावर जा. संध्याकाळी, उजेड उतरताना. समोर दुसऱ्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू ठेवून रहदारीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. तो मित्राला व्हॉट्सअ‍ॅपने पाठवून परत मागवा. दोन्ही फाईलींच्या प्रत्येक फ्रेमची वेळ एफएफप्रोब या व्हिडिओ तपासायच्या सॉफ्टवेअरने काढून शेजारीशेजारी लावा. उजेड कमी झाला की बरेच मोबाईल फ्रेमचा वेग आपोआप उतरवतात. तुमच्या मोबाईलने तसं केलं असेल तर दोन फ्रेममधलं अंतर कुठे ३३ मिलिसेकंद, कुठे त्याहून बरंच जास्त दिसेल. सरासरीने भागलेलं उत्तर आणि स्टॉपवॉचवरचा आकडा यांतला फरक वहीत लिहा.