गच्चीवरची भाजी: आधी पान उलटं करा, मग फवारा

कुंडीतल्या मिरचीची पानं गोळा झाली की बहुतेक जण थेट नर्सरीत जाऊन विचारतात, "काय मारू?" त्याआधी कोणती कीड आहे ते बघायला हवं. घरच्या दहा-वीस कुंड्यांना फवारणी क्वचितच लागते. रोज सकाळी दहा मिनिटांची फेरी मात्र चुकवून चालत नाही.

१. सकाळची फेरी

झारी उचलण्याआधी मातीत बोट घाला. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली तर त्या कुंडीला पाणी नको. पुण्यात एप्रिल-मे मध्ये गच्ची तापते, तेव्हा दोन वेळा पाणी लागेल. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच ठेवा, साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात आणि डासही होतात. पाणी बुंध्याशी घाला, पाल्यावर नको.

मग पानं उलटी करून बघा, आधी शेंड्याची आणि नंतर खालची. बहुतेक कीड पानाच्या पाठीलाच बसलेली असते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती कुठवर जाते ते पाहा. रांगेच्या टोकाला मावा (कोवळ्या पाल्याचा रस शोषणारी बारीक कीड) नाहीतर पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) हमखास असतो. त्यांच्या अंगातून गोड चिकटा सुटतो आणि त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

२. कीड ओळखा

चवळी-वालाच्या कोवळ्या शेंगांना काळा थर चिकटला असेल तर तो मावा. मिरचीची पानं कडेने वर वळली तर बहुधा फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळली तर कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड, जाळं विणणारा कोळी नव्हे. टोमॅटोचं झाड हलवल्यावर पांढरा भुगा उडाल्यासारखं वाटलं तर पांढरी माशी. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी. तेवढी पानं खुडली की भागतं. भेंडी, काकडी, भोपळ्याच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, म्हणजे बुरशी. हिवाळ्यात ती हटकून येते.

वांग्याचं वेगळं. झाड टवटवीत आणि एखादाच शेंडा मान टाकून बसला असेल तर तो जिथे सुकलाय त्याच्या इंचभर खाली कापा आणि उभा चिरून बघा. आत विष्ठेचा भुसा आणि गुलाबीसर अळी सापडेल. हीच पुढे फळात शिरते आणि आत गेल्यावर वरून काहीही फवारलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. कापलेला शेंडा कंपोस्टमध्ये टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा.

३. हाताने होईल ते हाताने

मावा अंगठ्याने चिरडा, किंवा पान तळहातावर धरून पाण्याचा जोरदार फवारा मारा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीला टांगा, फुलकिड्यांसाठी निळे.

या सफाईत एक चूक सर्रास होते. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या सुसरीसारखी दिसणारी अळी माव्यात फिरताना दिसली की लोक तीच आधी मारतात. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा फस्त करणारी. ती दिसली तर चार-पाच दिवस काहीही फवारू नका.

४. आठवड्याची कामं

खुरपीने माती वरवर हलवा, पिवळी आणि मातीला टेकलेली पानं काढा, वेल बांधा. पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरे. हौसेने सारखं नत्राचं खत घातलं की पाला लुसलुशीत होतो आणि माव्याला नेमका तोच आवडतो.

५. तरीही आवरलं नाही तर

१ लिटर कोमट पाण्यातलं थोडं पाणी वाटीत घ्या. त्यात ५ मिली नीम तेल आणि १ मिली सौम्य साबणाचं द्रावण घोटून दुधाळ करा, मग उरलेल्या पाण्यात ओता. तेल वर तरंगत असेल तर पुन्हा घोटा, नाहीतर पानं भाजतात. आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या पाठीला. सकाळी काकडी-कारल्याच्या फुलांवर मधमाश्या असतात, त्या वेळी नकोच. द्रावण त्याच दिवशी संपवा आणि गरज पडली तर आठवड्याने पुन्हा मारा. तोडलेली भाजी नीट धुवा.

भुरीला आंबट ताक पाण्यात १ ला १० असं पातळ करून सुरुवातीलाच मारलं तर बरा फरक पडतो. गंधक वापरणार असाल तर नीम तेलानंतर दोन आठवडे थांबा, आणि कडक उन्हात तर ते टाळाच.

तंबाखूचं पाणी अनेक जण सुचवतात. खायच्या भाजीवर ते मला अजिबात पटत नाही. निकोटीन विषारी आहे, शिवाय तंबाखूतला विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. शेतावरची रासायनिक औषधंही बाल्कनीत आणू नका.

६. पावसाळ्यात गोगलगाई

संध्याकाळी कुंड्यांमध्ये ओलं गोणपाट पसरून ठेवा. पहाटे त्याखाली गोगलगाई जमलेल्या सापडतील. हातमोजे घालून त्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. मीठ मात्र टाकू नका. ते मातीत उतरून मुळांना बाधतं.