छोट्या विमानासाठी स्वतःची चेकलिस्ट कशी बनवायची

बघा भो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. विमानाच्या हँडबुकमधली, म्हणजे पीओएचमधली चेकलिस्ट, तिच्यातलं काही कापायचं नाही. आपली पर्सनल चेकलिस्ट म्हणजे तीच, फक्त आपल्या हाताच्या क्रमाने लावलेली आणि आपण जे जे विसरतो ते तिच्यात ठळक टाकलेलं.

माझं विसरणं सांगतो. ट्रेनिंगमध्ये वॉक-अराउंड, म्हणजे उडण्याआधी विमानाभोवती फिरून तपासणी, करत होतो, सकाळचे आठच वाजले होते पण ऊन असं की विंगला हात लावला तर चटका, तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, दोन मिनिटं बोललो, परत आलो आणि जिथे सोडलं असं वाटलं तिथून पुढे सुरू. पिटोचं, म्हणजे हवेच्या दाबावरून स्पीड दाखवणाऱ्या नळीचं, कव्हर तसंच राहिलं. रनवेवर फुल थ्रॉटल, बाजूची झाडं पळतायत आणि स्पीडची सुई जागची हलेना. थ्रॉटल मागे, ब्रेक, परत एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, फक्त कव्हर काढून माझ्या हातात ठेवलं. त्या दिवशी माझ्या चेकलिस्टच्या कार्डावर दोन ओळी आल्या: "मधे कोणी बोललं तर पहिल्यापासून" आणि "रोलमध्ये सुई हलली का, नाही तर थांब" (रोल म्हणजे उडण्याआधीची रनवेवरची धाव).

लाज वाटायचं कारण नाही, चेकलिस्ट आली तीच असल्या विसरण्यातून. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ टेकऑफनंतर लगेच पडलं, कंट्रोलचं लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावतात ते) काढायचं राहून गेलं होतं, आणि उडवत होते मेजर हिल, म्हणजे सैन्याचे टेस्ट पायलट, कालचं पोरगं नाही.

आता बनवायचं कसं. इंजिन बंद असताना विमानात निवांत बसा आणि हात कुठून कुठे जातो ते बघा. माझा खालून सुरू होतो, फ्युएल सिलेक्टर (कुठल्या टाकीतलं इंधन घ्यायचं ते), मग मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण), थ्रॉटल, मग स्विचेस डावीकडून उजवीकडे. हाच क्रम कार्डावर. नेहमीची कामं आधी हाताने करून टाकायची आणि मग कार्ड मोठ्याने वाचून एकेकावर बोट ठेवायचं, एकटे असलात तरी मोठ्यानेच, कारण मनात वाचलं की डोळा ओळ गाळतो.

मित्राच्या कार्डाची झेरॉक्स मारू नका. सेसना १५२ ला कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून गरम हवा सोडायची सोय, आहे, १७२ एस ला कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे त्यामुळे ती भानगडच नाही. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारे, त्यांचा चेक १५२ ला १७०० आरपीएमवर, १७२ एस ला १८०० वर, ग्लाइडचा, म्हणजे इंजिन गेल्यावर तरंगत उतरायचा, स्पीड ६० आणि ६८ नॉट्स. दोन्ही उडवत असाल तर दोन वेगळ्या रंगाची कार्डं करा, आणि आकडे आपल्याच विमानाच्या पीओएचमधून तपासून घ्या.

इमर्जन्सीचा भाग मात्र वाचत बसायचा नाही, पाठच पाहिजे. इंजिन गेलं की आधी ग्लाइड स्पीड, मग मोकळं वावर शोधा (केळीची बाग नको, आणि विजेच्या तारा बघा), वेळ उरला तर कार्ड.

आपल्याकडे एक ओळ हवीच, ती म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड, हवा गरम होऊन विरळ झाली की विमानाला जाणवते ती उंची. जळगावचा रनवे समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आसपास, पण मे महिन्यात ४२ डिग्रीला हिशोब केला, त्या उंचीच्या स्टँडर्ड तापमानापेक्षा जास्तीच्या प्रत्येक डिग्रीला १२० फूट धरून, तर विमानाला ते ४३०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. रोल लांबतो, क्लाइंब मरतो. म्हणून माझ्या कार्डावर सरळ लिहिलंय, "३८ च्या वर असेल तर चार्ट काढ, नाहीतर उद्या सकाळी" (चार्ट म्हणजे हँडबुकमधला टेकऑफचा). क्रॉसविंडचंही, म्हणजे आडव्या वाऱ्याचंही, तसंच, हँडबुकमधला आकडा टेस्ट पायलटने दाखवलेला असतो, मी माझा त्याच्या निम्मा ठेवलाय. आणि वर पहिल्याच ओळीत स्वतःची तब्येत: झोप, औषध, टेन्शन, दारूचे १२ तास. रात्री दाबून शेवभाजी झाली असेल आणि पोट गडबडलं असेल तर तेही त्यातच धरा, हसू नका, दुपारच्या उन्हात हेलकावे खाताना कळतं.

छापायचं ए-फाइव्ह साइजमध्ये, अक्षर मोठं, काळ्यावर पांढरं नको, पांढऱ्यावर काळंच. लॅमिनेशन मॅट सांगा, झेरॉक्सवाला चकचकीत करून देतो आणि मग उन्हात नुसता आरसा होतो. कोपऱ्यात तारीख टाका आणि जुनं कार्ड फाडून टाका, नाहीतर बॅगेतून नेमकं तेच हाताला लागतं. आधी घरी खुर्चीत बसून दोन-तीनदा चालवून बघा, घरचे हसतील ते हसतील.

माझं हे अकरावं कार्ड. मागच्या आठवड्यात एकच ओळ वाढली, पाण्याची बाटली मागच्या खिशात, कारण सीटखाली ठेवली होती ती टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, घरंगळत रडरच्या, म्हणजे पायाने दाबायच्या, पेडलखाली जाऊन बसली.