गिफ्ट शॉपमध्ये माल भरताय? या चुका टाळा

आमच्या दुकानाच्या माळ्यावर एक खोकं आहे. आत नावांच्या कीचेन: संतोष, सुनील, प्रकाश, वैशाली, सुनंदा. बारा वर्षांपूर्वी साताऱ्यात कॉलेजच्या रस्त्याला दोनशे चौरस फुटांचा गाळा घेऊन दुकान टाकलं, तेव्हा एका होलसेलवाल्यानं शंभर नावांचा स्टँड गळ्यात मारला. प्रत्येक नावाचे सहा नग, दर इतका खाली की नाही म्हणवेना. मुलं यायची, स्टँड गरगर फिरवायची, 'आर्या संपलं का? वेदांत?' असं विचारायची आणि निघून जायची. चालणारी वीसेक नावं दोन महिन्यांत उडाली. स्टँड मात्र कायम भरलेलाच दिसायचा. संतोष, सुनील ही माणसं तेव्हाच चाळिशीला टेकलेली. त्यांना वाढदिवसाला कीचेन कोण देतंय?

माल भरताना केलेल्या चुकांमधली ही सगळ्यात स्वस्त. महागड्या पुढे सांगतो.

आपल्याला आवडलं म्हणून घेणं

किराणा दुकानात साखर घेणारा ती साखर स्वतः खातो. आमच्याकडे पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसराच. त्यामुळे गिऱ्हाईक आत आलं की वस्तूचं नाव फार क्वचित घेतं. पहिलं वाक्य ठरलेलं: 'दोनशेपर्यंत काहीतरी दाखवा ना.' आधी रक्कम, मग 'मैत्रिणीला द्यायचंय' किंवा 'सरांचा निरोप समारंभ आहे', आणि वस्तू सगळ्यात शेवटी. माल निवडतानाही हाच क्रम ठेवावा लागतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्याआधी मी एका प्रदर्शनातून अठरा हजारांचे टेराकोटाचे मुखवटे उचलून आणले होते. मला फार आवडले होते. आलेला प्रत्येक जण 'किती सुंदर!' म्हणायचा आणि फोटोफ्रेम घेऊन जायचा. बायको एकदा म्हणाली, 'अहो, कौतुकाचा गल्ला होत नाही.'

तुमच्या मांडणीवर एकदा रकमेच्या नजरेनं फिरून बघा. माझ्याकडे शंभराच्या आत भरपूर होतं आणि आठशेच्या पुढेही बरंच होतं. मधला तीनशे ते पाचशेचा कप्पा जवळजवळ रिकामा. आणि ऑफिसातले पाच जण वर्गणी काढून येतात ते नेमकं तेवढ्याच पैशांत. कित्येक महिने ती मंडळी माझ्या दारातून परत गेली आणि मला वाटायचं, मंदी आहे.

यावर एक उपाय मला लागू पडला. काउंटरखाली एक दोनशे पानी वही ठेवली, तिला आम्ही 'नाहीची वही' म्हणतो. जे मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते लिहायचं: वस्तू, कोणासाठी, किती पैशांत. एकदा मागितलं तर दुर्लक्ष करायचं. महिन्यात चौथ्यांदा आलं की पुढच्या खरेदीच्या यादीत टाकायचं. होलसेल बाजारात जाताना ही वही सोबत नसेल, तर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत डोकं ठिकाणावर राहत नाही. तिथे सगळंच चकचकीत दिसतं आणि सगळंच 'सध्या फुल चालतंय'.

गेल्या वर्षीच्या तारखा धरून ऑर्डर देणं

ही चूक नवा माणूस हमखास करतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी कॅलेंडर असतं. आपला निम्म्याहून जास्त धंदा तिथीवर चालतो. राखीपौर्णिमा २०२५ साली ९ ऑगस्टला होती, २०२६ साली २८ ऑगस्टला. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला सरकली. कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला: १७ मे ते १५ जून. गेल्या वर्षीच्या वहीत बघून त्याच आठवड्यात माल उचलला, तर तो तीन आठवडे आधी येऊन पडतो. जागा अडते, पैसेही अडतात, आणि व्यापाऱ्याच्या उधारीची मुदत विक्री सुरू व्हायच्या आधीच संपते.

अधिक महिन्याचं आणखी एक गणित आहे. त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, म्हणजे ऐन मे महिन्यात आहेराचा माल निम्म्यावर येतो. पण त्याच महिन्यात जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं असतं. तांब्याची ताटली, छोटा दिवा, तेहतीस अनारसे मावतील असा डबा हे तेव्हा मागतात, आणि एरवी तीन वर्षं कोणी ढुंकून बघत नाही. म्हणून हा माल मोजकाच घ्यायचा. उरला तर पुढच्या अधिकापर्यंत घासत बसा.

संक्रांतीच्या वाणाचं तर पंचांग उघडूनच बघावं. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला, म्हणजे महिनाभर हंगाम. २०२६ साली १४ ते २५ जानेवारी, बारा दिवसांत खेळ खलास. लांब हंगामात माल दोन हप्त्यांत आणता येतो: आधी थोडा, काय उचललं जातंय ते बघून पुन्हा. आखूड हंगामात ती सोय नाही. सगळ्या बायकांची हळदीकुंकवं त्याच दोन शनिवार-रविवारी पडतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माल दुकानात नसेल, तर तो यायच्या आत सण उरकलेला असतो.

वाणाची दुसरी गंमत अशी की तिथे नमुने जास्त ठेवणं हीच चूक ठरते. एरवी गिऱ्हाइकाला चार वेगळ्या गोष्टी बघायला आवडतात. वाणाला मात्र ताई येतात आणि म्हणतात, 'ही अशी पस्तीस द्या, सगळी सारखी.' तुमच्याकडे त्यातली सत्तावीस असतील तर त्या सत्तावीसही जात नाहीत. पहिल्या वर्षी माझ्याकडे चाळीस प्रकारच्या वस्तू होत्या, प्रत्येकी वीस. आता चार-पाच प्रकार, प्रत्येकी दोनशे. किंमत वीस ते पन्नास, वजनाला हलकी, आणि घरात वापरता येईल अशीच. शोभेच्या वस्तू वाणात कोणालाच नको असतात. गेल्या वर्षी तीच वस्तू दिलेली नसावी, हेही विचारून घ्या, नाहीतर एकाच गल्लीत तीन घरी तोच चहाचा चिमटा पोचतो आणि त्यात नाव दुकानाचं निघतं.

फ्रेंडशिप डेच्या पट्ट्यांबद्दल एवढंच: ऑगस्टचा पहिला रविवार मावळला की सोमवारी त्यांची किंमत शून्य. अंदाजापेक्षा कमीच घ्या. संपल्या तर संपल्या.

आहेराचा जुना हिशोब

लग्नपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापायला लागल्यापासून लेमन सेट, भिंतीवरचं घड्याळ, सहा वाट्यांचा संच यांचा खप ओसरला. आमच्याकडे लग्नसराईत आता सगळ्यात जास्त जातं ते पाकीट, रुपयाचं नाणं चिकटवलेलं. पाच रुपयांच्या पाकिटात काय मिळणार, असं म्हणून कित्येक दुकानदार ते ठेवतच नाहीत. पण पाकीट घ्यायला आलेला माणूस काउंटरपाशी उभा राहतो, इकडेतिकडे बघतो. देवाणघेवाण पूर्ण थांबलेली नाही, ती फक्त बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत आणि वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टकडे वळली आहे.

माल बघताना काही समजुती ध्यानात ठेवा. रुमाल दिला तर भांडण होतं, सुरी-कात्री द्यायची नाही, काळा रंग शुभकार्याला नको (संक्रांत सोडून). तुमचा विश्वास असो नसो, घेणाऱ्याच्या सासूबाईंचा असतो. एकदा स्वस्तात मिळाले म्हणून पुरुषांच्या रुमालांचे सुंदर बॉक्स आणले होते. ते शेवटी घरच्यांनीच वापरले.

नुसता दर बघणं

समजा सिरॅमिकचे मग सत्तर रुपयांनी मिळतायत आणि तुम्ही दहा डझन घेतले. आठ हजार चारशे झाले. ट्रान्सपोर्ट आणि हमाली सहाशे, म्हणजे नऊ हजार. खोकं उघडल्यावर सहा फुटलेले निघाले, राहिले एकशे चौदा. नग पडला एकोणऐंशीला. बॉक्स, रंगीत कागद आणि पिशवीचे बारा धरले की एक्याण्णव. घासाघीस होऊन विकला एकशे तीसला, तर हातात एकोणचाळीस. सत्तरवर हिशोब करणाऱ्याला वाटतं साठ सुटले. भाडं, वीज आणि पोराचा पगार या एकोणचाळिसातूनच जायचा असतो.

'असॉर्टेड' डझनापासूनही सावध राहा. बारा डिझाइन्समधली चार चालणारी, आठ त्या व्यापाऱ्याची अडगळ. थोडा जास्त दर देऊन निवडून घेतलेला डझन स्वस्त पडतो. व्यापारी कुरकुर करतो, पण रोखीनं घेतलं की ऐकतो.

कच्च्या बिलावर मिळणारी सूटही तपासून बघा. नियमित जीएसटीत असाल तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट कच्च्या बिलावर मिळत नाही. शिवाय माल खराब निघाला तर परत कोणाच्या नावानं करणार?

मार्क आणि लेबल न बघता उचलणं

खेळणी ठेवत असाल तर हे नीट वाचा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. टेडी बेअरसुद्धा यात येतो. २०२३च्या जानेवारीत मोठमोठ्या मॉलमधल्या दुकानांतूनही मार्क नसलेली खेळणी जप्त झाली होती, तेव्हा 'छोट्या दुकानात कोण येतंय' या भरवशावर राहू नका. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे, पण त्या नोंदणीची प्रत मागून फाइलला लावा.

पॅकबंद वस्तूवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी हवी. होलसेलमध्ये बरेचदा नुसतं चिनी अक्षरांचं खोकं मिळतं आणि 'एमआरपी तुम्हीच टाका' असं सांगतात. तो माल तिथेच सोडा. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी बाजारात दोन्ही दिसतात. चॉकलेट ठेवणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये ते ठेवूच नका. उन्हानं वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरकी साय येते, गिऱ्हाइकाला ती बुरशी वाटते, आणि त्याला समजावत बसणं काही खरं नाही.

पावसाळा हा वेगळाच शत्रू. जुलैत चामड्याची पाकिटं, ज्यूटच्या पिशव्या आणि लाकडी फ्रेमच्या पाठी यांना बुरशी धरते. हा माल जूनआधी कमी करत आणावा. म्युझिकल खेळण्यांतली बॅटरी मांडणीवरच मरते, आल्या आल्या काढून वेगळी ठेवा. धूप-अगरबत्ती सॉफ्ट टॉयजच्या जवळ ठेवली तर महिन्यात सगळी अस्वलं देवघरासारखी वासायला लागतात.

मूर्तींचं तर फारच जपून. मगचा कान तुटला तर पेनस्टँड म्हणून खपतो. गणपतीच्या सोंडेचा टवका उडाला की ती मूर्ती खंडित, फुकटही कोणी नेत नाही. महाराजांचा पुतळा घेताना आधी चेहरा बघा. आमच्याकडचा माणूस पुतळा हातात घेतो, डोळे बघतो, नाक बघतो आणि पटलं नाही तर एक शब्द न बोलता खाली ठेवतो.

'लोकल' या शब्दाला भुलणं

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आमच्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. लगेच किल्ल्यांच्या प्रतिकृती, मॅग्नेट, टी-शर्ट यांचा पूर आला. माझ्या एका मित्रानं पन्नास हजारांचा माल भरला. त्याचं दुकान आहे वसाहतीत, शाळेसमोर. पर्यटक तिथे फिरकतच नाही आणि साताऱ्यात राहणारा माणूस साताऱ्याचं मॅग्नेट स्वतःच्या फ्रिजला लावत नाही. कासला फुलं बघायला येणारी गाडी ज्या रस्त्यानं जाते, त्या रस्त्यावर तोच माल महिनाभरात संपला असता. तिथेही सॅकमध्ये मावणारं आणि न फुटणारंच घ्यावं लागतं.

हातानं केलेला माल ठेवायला मला आवडतो. सावंतवाडीची लाकडी फळं आमच्याकडे कायम असतात. मात्र कारागिराला 'परवा पाचशे नग पाठवा' म्हणून चालत नाही, दिवाळीचा माल पावसाळ्यात सांगून ठेवावा लागतो, थोडी उचलही द्यावी लागते. आणि छापील वारली चित्राला हाताचं म्हणून विकू नका. बोट फिरवलं की कळतं.

माल अडकलाच तर

किमतीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात खरेदीचा महिना आणि वर्ष खुणेच्या अक्षरांत लिहा. तीन महिने झाले की आधी जागा बदला. खालच्या कप्प्यातली वस्तू डोळ्यांच्या उंचीवर आणल्यावर विकली गेल्याचं मी अनेकदा पाहिलंय. तरी हलली नाही तर जोडी लावा: एकटी न जाणारी मेणबत्ती आणि एकटा न जाणारा ट्रे एका पारदर्शक डब्यात अडीचशेला जातात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात, बक्षिसांसाठी मुख्याध्यापकांना एका रकमेत चाळीस वस्तू हव्या असतात. तिथे सवलत द्या, दारावर 'सेल'ची पाटी वर्षभर लावू नका, लोक मग पाटीचीच वाट बघतात. कऱ्हाडच्या एका दुकानदाराशी मी दर सहा महिन्यांनी पडलेल्या मालाची अदलाबदल करतो. माझ्याकडे वर्षभर धूळ खाल्लेल्या उशा त्याच्याकडे आठवड्यात गेल्या, त्याचे भिंतीवरचे की-होल्डर माझ्याकडे.

कीचेनचं खोकं मात्र कऱ्हाडलाही नको होतं. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ आले, दहावीच्या १९८९च्या तुकडीचं पुनर्मीलन होतं, सगळ्यांना काहीतरी आठवण द्यायची होती, तीही पंधरा-वीस रुपयांत. मी शिडी लावली. ते खाली बसून मोबाइलवरच्या यादीशी नावं ताडत राहिले, संतोष तीन, सुनील चार, वैशाली दोन, आणि मध्येच एकटेच हसत होते. एकूण एकोणसाठ गेल्या. सुनंदा अजून सहाही आहेत.