लीजवरची नवी गाडी नकोशी झाली तर: करार दुसऱ्याच्या नावावर करताना

अमेरिकेत नवी गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मासिक हप्त्याने भाड्याने, घेतली की तीन दिवसांत परत करता येते, हा समज जितका पसरलेला आहे तितकाच चुकीचा आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा ‘कूलिंग-ऑफ’ नियम तीन कामकाजाच्या दिवसांची मुभा देतो खरा. पण ती दारावर येऊन किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये तात्पुरतं दुकान मांडून विकलेल्या मालासाठी आहे. डीलरच्या शोरूममध्ये बसून केलेली सही त्यात येत नाही. काही राज्यांनी थोडीफार सवलत दिली असली, तरी कॅलिफोर्नियात ती वापरलेल्या गाड्यांपुरतीच आहे. गाडीत वारंवार बिघाड होत असेल तर लेमन लॉचा (सदोष गाडीविरुद्ध दाद मागण्याच्या कायद्याचा) रस्ता वेगळा आहे, इथे त्याचा विषय नाही. गाडी उत्तम आहे पण हप्ता डोईजड झालाय, किंवा घाईत चुकीची गाडी घेतली गेली, अशांसाठी हे लिहिलं आहे.

सही होऊन दोन-तीनच दिवस झाले असतील तर आधी डीलरकडे जा. लीजचा करार सुरुवातीला तुमच्यात आणि डीलरमध्ये होतो, मग डीलर तो फायनान्स कंपनीकडे सोपवतो आणि कंपनी त्याचे पैसे चुकते करते. पैसे यायच्या आणि नोंदणीचे कागद पुढे जायच्या आत व्यवहार उलटवणं डीलरला फारसं जड नसतं. गाडीची तुमच्या नावाने नोंदणी झाली की ती त्याच्या दृष्टीने जुनी झाली, आणि मग तो तोटा सोसणार नाही. सेल्समनशी वाद घालण्यात वेळ दवडू नका, थेट सेल्स मॅनेजरला गाठा. ‘गाडी परत घ्या’ म्हणण्यापेक्षा ‘याच लॉटवरची कमी हप्त्याची दुसरी गाडी द्या’ म्हटलं तर होकाराची शक्यता जास्त, कारण त्याची विक्री टिकते. तो तयार झालाच तर जुना करार रद्द झाल्याचं लेखी घ्या, आणि भरलेले पैसे व बदल्यात दिलेली जुनी गाडी यांचं काय होणार तेही त्यातच लिहून घ्या. नाही म्हणाला तर कायद्याने त्याला भाग पाडता येत नाही.

डीलरचं दार बंद झाल्यावर नेमकं काय खुपतंय ते आकड्यांत मांडा. लीजमध्ये गाडी किती मैल चालवायची याची मर्यादा असते आणि त्यावरच्या प्रत्येक मैलाला पैसे पडतात. ते मैल कमी पडणार असतील तर करार दुसऱ्याला द्यायची कदाचित गरजच नाही. वर्षाला १०,००० मैलांचा करार आहे आणि तुमचं धावणं १४,०००, तर तीन वर्षांत १२,००० मैल जास्त होतील. मैलामागे २५ सेंटच्या दराने ते ३,००० डॉलर. काही कंपन्या मधल्या काळात जादा मैल स्वस्तात विकतात, म्हणून आधी तो फोन करा.

हप्ता खुपत असेल तर मुदतीआधी करार मोडणं किती महाग पडतं ते एकदा नीट पाहा. समजा गाडीचा ठरलेला भाव ३६,००० डॉलर, ३६ महिन्यांनंतरची धरलेली किंमत २१,००० आणि मनी फॅक्टर (लीजवरचं व्याज काढायचा आकडा) ०.००२५ आहे. मनी फॅक्टरला २,४०० ने गुणलं की साधारण वार्षिक व्याजदर मिळतो, इथे तो ६ टक्के. घसाऱ्याचे १५,००० भागिले ३६, म्हणजे ४१६.६७ डॉलर. भाव आणि शेवटची किंमत यांची बेरीज ५७,०००, तिला ०.००२५ ने गुणून महिन्याचं व्याज १४२.५० डॉलर. एकूण हप्ता सुमारे ५५९ डॉलर, कर वेगळा. पहिला हप्ता सहीच्या वेळी धरून तीन हप्ते भरल्यावरही कंपनीच्या वहीत तुमच्या नावावर साधारण ३४,७०० डॉलर बाकी दिसतात. करार मोडून परत दिलेली गाडी कंपनीच्या लिलावात ३०,००० ला गेली तर मधले ४,७०० तुमच्या खिशातून जातात, वर करार मोडण्याचं शुल्क वेगळं. पहिल्या वर्षात गाडीची किंमत झपाट्याने उतरते आणि तुमची बाकी संथपणे, म्हणूनच ही दरी सुरुवातीला सर्वांत रुंद असते. १९७६ च्या कन्झ्युमर लीजिंग कायद्याखालच्या ‘रेग्युलेशन एम’नुसार मुदतीआधीच्या शुल्काची रक्कम किंवा ती काढायची पद्धत करारात द्यावीच लागते. ते कलम शोधा. कलम लांबलचक आणि रुक्ष असतं, पण तुमच्या कागदांतला सर्वांत महागडा परिच्छेद तोच.

डीलर म्हणेल, ‘ही बाकी नव्या लीजमध्ये घालून टाकू.’ त्याने खड्डा बुजत नाही, फक्त पुढच्या हप्त्याखाली सरकतो.

उरतो तो करार दुसऱ्याच्या नावावर करण्याचा मार्ग. यात तुम्ही गाडी विकत नाही, कारण ती तुमची नाहीच, मालक लीज कंपनी आहे. तुम्ही उरलेले हप्ते, उरलेले मैल आणि मुदतीअखेरच्या जबाबदाऱ्या दुसऱ्याच्या हाती देता. जाहिरात टाकण्याआधी कंपनीला फोन करून विचारा: हस्तांतर चालतं का, सुरुवातीचे किंवा शेवटचे काही महिने ते बंद असतं का, शुल्क किती आणि ते कोणी भरायचं, घेणारा दुसऱ्या राज्यातला चालेल का, आणि हस्तांतरानंतर मूळ सही करणारा पूर्ण मोकळा होतो का. बाकीच्या उत्तरांवर फार तर पैसे ठरतात, शेवटच्यावर तुमची झोप. काही कंपन्या नाव बदलतात पण मूळ माणसाला जामीनदारासारखं मागे उभं ठेवतात. म्हणजे घेणाऱ्याने दहाव्या महिन्यात हप्ते थकवले की तगादा तुमच्याकडे. फोनवरच्या ‘हो, सुटका होते’ला काडीची किंमत नाही, ते पत्रात हवं. सुटका होत नसेल आणि घेणारा अनोळखी असेल, तर आमच्या मते हा मार्ग सोडून द्यावा.

कंपनीला न कळवता मित्राला किल्ली देऊन ‘हप्ता तू भर’ म्हणणं हे हस्तांतर नव्हे. बहुतेक करारांत तो सरळ करारभंग असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की गाडी नेमकी कोण चालवत होतं.

घेणारा शोधायला स्वॅपअलीज आणि लीजट्रेडर ही यासाठीचीच संकेतस्थळं आहेत. जाहिरातीत हप्ता करासह लिहा. उरलेले महिने, उरलेले मैल, आणि त्यांना महिन्यांनी भागून महिन्याला किती मैल मिळतात तेही द्या, कारण घेणारा पहिल्यांदा तेच बघतो. आता रोख प्रोत्साहनाचं, म्हणजे करार घ्यावा म्हणून घेणाऱ्याला तुम्ही द्यायच्या रकमेचं गणित. तुमचा हप्ता ५५९, तीच गाडी आज कोणाला ४८९ ला मिळतेय आणि ३३ महिने उरलेत. महिन्याला ७० प्रमाणे फरक २,३१० डॉलरचा झाला. साधारण तेवढे स्वतःहून दिल्याशिवाय जाहिरातीला कोणी विचारणार नाही. ही रक्कम ४,७०० पेक्षा बरीच कमी आहे, आणि हस्तांतराचा सगळा फायदा या फरकात आहे. सुरुवातीला मोठं डाउन पेमेंट भरलं असेल तर हप्ता लहान असतो आणि असा करार लवकर उचलला जातो. मात्र ते पैसे परत मिळत नाहीत. त्यांचा लाभ नव्या माणसाला होतो, मग कितीही जीव जळो.

घेणाऱ्याने क्रेडिटचा अर्ज थेट कंपनीकडे करायचा. त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक तुम्ही मागू नका, तुमचा कोणाला देऊ नका. ‘गाडी न बघता घेतो, चेक पाठवतो, जास्तीचे पैसे परत करा’ असं कोणी म्हणालं की तिथेच संभाषण थांबवा. प्रोत्साहनाची रक्कम कंपनीची मंजुरी लेखी आल्यावरच द्या, शक्यतो एस्क्रोमार्फत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे त्रयस्थाकडे ठेवून. मंजुरीला आठवडे लागू शकतात आणि तोवरचे हप्ते तुमचेच. ऑटो-पे (खात्यातून हप्ता आपोआप जाण्याची सोय) आधीच बंद केलं तर एक हप्ता चुकतो, आणि कंपनी ऐन वेळी हस्तांतर अडवून ठेवते.

गाडी देण्याच्या दिवशी उजेडात, धुतलेल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. चाकांच्या रिमवर फुटपाथचे ओरखडे हमखास असतात, त्यांचा जवळून फोटो घ्या. टायरच्या खाचेची खोली मोजा, बऱ्याच करारांत परत करताना किमान १/८ इंच लागते. ओडोमीटरचा फोटो तारखेसह ठेवा आणि तोच आकडा हस्तांतराच्या कागदावर दोघांच्या सहीने लिहा, म्हणजे जादा मैलांचा वाद तुमच्या दारी येत नाही. दोन्ही किल्ल्या द्या. टोलचा ट्रान्सपाँडर काचेवरून काढा, नाहीतर महिनोन्महिने दुसऱ्याचे टोल तुमच्या खात्यातून जातील. गाडीतला फोन, घरचा पत्ता, गॅरेजच्या दाराचा कोड पुसून टाका आणि मोबाइलवरच्या अॅपमधून गाडी काढा. हे राहिलं तर पुढचा माणूस तुमच्या गॅरेजचं दार उघडू शकतो, आणि तुम्ही त्याची गाडी.

नोंदणी आणि नंबरच्या पाट्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. काही ठिकाणी पाटी गाडीबरोबर जाते, काही ठिकाणी माणसाकडे राहते. विमा मात्र सर्वत्र सारखा सांभाळायचा: घेणाऱ्याची पॉलिसी सुरू झाल्याचा कागद आणि कंपनीचं हस्तांतर पूर्ण झाल्याचं पत्र, दोन्ही हाती आल्याशिवाय तुमची पॉलिसी रद्द करू नका. सहीच्या वेळी अनामत ठेवली असेल तर ती तुम्हाला परत येते की नव्या माणसाच्या खात्यात जाते हे याच वेळी विचारा. जात असेल तर तेवढे पैसे त्याच्याकडून घ्या.

कंपनी हस्तांतर करूच देत नसेल तर गाडी दुसऱ्या डीलरला विकून करार मिटवण्याचा विचार मनात येतो. २०२१ पासून बऱ्याच कंपन्यांनी बाहेरच्या डीलरला अशी खरेदी बंद केली किंवा महाग केली आहे. त्यामुळे बाकीची रक्कम विचारताना ‘माझ्यासाठी किती आणि डीलरसाठी किती’ असे दोन आकडे मागा. स्वतः विकत घेऊन मग विकायचं ठरवलं तर मधे विक्रीकर लागू शकतो, तोही त्या ४,७०० शेजारी लिहा.

हस्तांतरानंतर साधारण दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघा. लीजचं खातं बंद आणि बाकी शून्य दिसायला हवी. अजून चालू दिसत असेल तर सुटकेचं पत्र जोडून कंपनीला आणि क्रेडिट ब्युरोला त्याच आठवड्यात लेखी कळवा.