रोजच्या रस्त्यावरचे चित्र

चित्रासाठी विषय सुचत नाही अशी तक्रार करणारे आपल्यापैकी बरेच जण रोज तासभर तरी पुण्याच्या रस्त्यांवर असतात. अशांनी नवी ठिकाणे शोधण्याऐवजी येण्याजाण्याच्या मार्गातला एकच टप्पा, फार तर दोन बसथांब्यांमधले अंतर, महिनाभरासाठी निवडावे. ओळखीच्या जागी काय बदलले ते चटकन जाणवते आणि चित्र बहुधा त्या बदलातच सापडते.

साहित्य म्हणून खिशात मावणारी वही आणि साधे बॉलपेन पुरेसे आहे. खोडरबर मुद्दाम घरी ठेवावा, नाहीतर पहिली रेघ सुधारण्यातच थांबा येतो. दुचाकी चालवणाऱ्यांनी अर्थातच गाडी बाजूला लावूनच वही काढावी.

बस चालू असताना रेखाटण्याचा हट्ट धरू नये. तेव्हा फक्त पाहावे आणि सिग्नलला बस थांबली की हात चालवावा. उलटे मोजत येणारे आकडे शून्यावर पोहोचेपर्यंत एखादीच आकृती होते, म्हणून आधी सर्वांत मोठा आकार आणि त्याची सावली मांडावी. याच्या सरावासाठी स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर थांबलेल्या मुलींइतका सोयीचा विषय नाही. चेहरा झाकलेला असल्यामुळे नाकडोळ्यांच्या मागे लागता येत नाही, आणि मग खांद्यांचा उतार, हँडलवर ताठ धरलेले कोपर, जमिनीला जेमतेम टेकलेला एक पाय, एवढ्यावरच कंटाळा किंवा घाई दाखवावी लागते.

सुट्टीच्या दिवशी कसबा पेठेतल्या तांबट आळीत पायी जावे. तिथे घणाच्या आवाजावरूनच दुकान सापडते. मठारकाम म्हणजे हातोडीने ठोकून घडाई केलेल्या तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांच्या असंख्य खुणा असतात आणि नवखा माणूस त्या सगळ्या काढायला बसतो. तसे केल्यास भांडे सपाट दिसते. उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यातल्याच खुणा स्पष्ट काढाव्यात, उजळ भाग कोरा सोडावा आणि गडद भागात त्या विरू द्याव्यात. कारागिराला आधी विचारूनच बसावे. रस्त्यात बसून चित्र काढणाऱ्याला त्याच्या चुका विनामूल्य सांगणारे पुणेकरही भेटतील, आणि त्यांचे म्हणणे अनेकदा बरोबर असते.

रंग वापरायचे असतील तर जंगली महाराज रस्त्यालगतचे पाताळेश्वर गाठावे. आठव्या शतकात खोदलेल्या या लेण्याचा पाषाण काळा म्हणून ओळखला जातो, परंतु ट्यूबमधला काळा रंग लावला की दगडाऐवजी डांबर दिसू लागते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र करून राखाडी तयार करावा. उन्हाच्या बाजूला सिएना वाढवावा, ओलसर कोपऱ्यात निळा.

नदीसाठी मात्र धीर हवा. लकडी पुलावरून भिडे पुलाच्या दिशेचे एकच दृश्य मे महिन्यात काढावे आणि खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर, भिडे पूल बुडालेला असताना, त्याच जागी उभे राहून पुन्हा काढावे. प्रत्येक पानाखाली तारीख, वेळ आणि उजेडाची दिशा लिहावी, म्हणजे दुसऱ्या वेळी नेमके कुठे उभे राहायचे ते कळेल.