जरी-तरीची जोडी इंग्रजीत नेऊ नका

आमच्या जळगाव-भुसावळकडच्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य मला सारखं भेटतं: ‘ऑलदो इट रेन्ड, बट वी वेन्ट टू रावेर.’ पोरांचा दोष नाही. मराठीत ‘जरी पाऊस पडला’ म्हटलं की ‘तरी’ आपसूक येतं, कानाला ती जोडीच हवी असते. इंग्रजीत मात्र तिथे एकच जोडशब्द पुरतो. ‘ऑलदो इट रेन्ड, वी वेन्ट टू रावेर’ बरोबर. ‘इट रेन्ड, बट वी वेन्ट टू रावेर’ हेही बरोबर. दोन्ही शब्द एकत्र नकोत.

‘बिकॉज’चंही तसंच. ‘बिकॉज द ट्रक वॉज लेट, सो वी वेटेड’ यातला ‘सो’ काढा. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतो, पण बहुतेकदा गरज नसते. ‘आयदर-ऑर’सारख्या जोड्या मात्र इंग्रजीच्या स्वतःच्या आहेत, त्यांना हात लावू नका.

निबंध लिहून झाला की प्रत्येक जोडशब्दाभोवती पेन्सिलीने गोल करा. दोनच उपवाक्यं आणि ‘ऑलदो’-‘बट’ किंवा ‘बिकॉज’-‘सो’ असे दोन गोल दिसले, तर एक खोडा आणि वाक्य मोठ्याने वाचा.