ब्रीमच्या जोडी स्पर्धेत या चुका टाळा: पाच मासे मिळूनही वजन कुठे जातं?

ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला, न्यूकॅसलच्या शेजारी लेक मॅक्वारी आहे. सुमारे ११० चौरस किलोमीटरचं हे खारं सरोवर स्वान्सीच्या अरुंद चिंचोळ्या मार्गाने समुद्राला जोडलेलं आहे. २००२ मध्ये इथली व्यावसायिक मासेमारी थांबली आणि सरोवर हौशी गळवाल्यांसाठी राखलं गेलं. इथला यलोफिन ब्रीम हा मासा ज्या वंशातला आहे, त्याच वंशातले मासे कोकणच्या खाड्यांतही आहेत. चपटं चंदेरी अंग, पाठीवर काटे आणि शिंपले फोडणारे दात पाहिले की मराठी माणसाला तो अगदीच परका वाटत नाही.

जोडी स्पर्धेत एका बोटीत दोघे असतात. बहुतेक ठिकाणी पूर्ण बोटीला पाचच मासे वजनाला द्यायचे असतात, फक्त लूर, म्हणजे कृत्रिम आमिष, चालते आणि मासे जिवंत परत सोडायचे असतात. दिवसभरात आठ-दहा मासे लागूनही जोड्या मागे पडतात, ते बहुतेक वेळा बोटीच्या आत झालेल्या चुकांमुळे.

दोघांनी एकच काम करणं

ही सर्वांत महागडी चूक. पुढचा माणूस इलेक्ट्रिक मोटर चालवत जेटीच्या खांबाला लूर टाकतो, आणि मागचाही तीच लूर त्याच खांबाला टाकतो. मागच्याच्या वाट्याला मग आधीच बिचकलेला मासा उरतो. सकाळचा पहिला तास दोघांनी मुद्दाम वेगळं काम करावं. एकाने शेवाळाच्या कडेने एक-दीड मीटर पाण्यात छोटी क्रँकबेट (माशाच्या आकाराची, ओढली की थरथरणारी कडक लूर) फिरवावी, दुसऱ्याने १/१६ औंसाच्या, म्हणजे साधारण १.८ ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोकं असलेल्या गळावर) अडीच इंची मऊ प्लॅस्टिकची लूर लावून कडेच्या बाहेरचा तळ चाचपावा. एकाला दोन मासे लागले की मगच दुसऱ्याने त्याची पद्धत उचलावी. मोटर चालवणाऱ्याने बोट तिरकी धरावी, म्हणजे मागच्यालाही लूर न पडलेलं पाणी मिळतं. हे त्याने आपणहून करायचं असतं, जोडीदाराने मागायची वाट पाहायची नसते.

उथळ पाण्यात आणखी एक अडचण येते. जीपीएसवर बोट जागेवर धरणारी मोटर मध्येच जोरात फिरते. मीटरभर पाण्यात त्या आवाजाने मासे पांगतात. तिथे मोटर हाताने, सर्वांत कमी वेगावर ठेवा, किंवा बोट वाऱ्यावर वाहू द्या.

भरतीचं कोष्टक जसंच्या तसं वापरणं

समुद्रकिनाऱ्याची वेळ सरोवराला लागू होत नाही. स्वान्सीच्या मार्गात प्रवाह जोरदार असतो, पण आतल्या विस्तीर्ण पाण्यात पातळी काही सेंटिमीटरच हलते आणि तीही उशिरा. मार्गातला प्रवाह कधी फिरतो ते सरावाच्या दिवशी घड्याळ लावून पाहा आणि लिहून ठेवा. बाकी सरोवरात भरतीपेक्षा वाऱ्याचा विचार करा. वारा आपटणाऱ्या काठावर पाणी ढवळतं, खाद्य सुटतं आणि मासा बेसावध होतो. निवांत, आरशासारख्या पाण्यात लूर टाकणं सोपं असतं, म्हणून सगळे तिथे जातात. वजन मात्र पुष्कळदा लाटा आपटणाऱ्या काठाला असतं.

मोठ्या पावसानंतर डोरा क्रीक आणि कॉकल क्रीकच्या मुखाशी गोड, गढूळ पाणी वर तरंगतं आणि खारं पाणी खाली राहतं. मासाही खालीच जातो. अशा दिवशी पृष्ठभागावरची लूर पेटीत ठेवा आणि तळाशी चालणारी ब्लेड, म्हणजे धातूच्या पात्याची लूर, बांधा.

खांबाजवळ दोर तुटणं

मासा लागला, खांबामागे वळला आणि दोर तुटला, की दोष दोराला दिला जातो. खरं कारण दोनपैकी एक असतं. पहिलं, ड्रॅग (किती ताणावर दोर सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक) अंदाजाने कसलेला असतो. लीडर, म्हणजे लूरला बांधलेला दोराचा शेवटचा तुकडा, सहा पौंडांचा, म्हणजे २.७ किलो ताण सोसणारा असेल तर ड्रॅग त्या ताकदीच्या एक चतुर्थांश, ७०० ग्रॅमच्या आसपास ठेवा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोराला अडकवून ओढला की नेमका आकडा कळतो. दुसरं, लीडर आधीच खरवडलेला असतो. प्रत्येक माशानंतर लूरवरचा हातभर लीडर ओल्या नखांच्या चिमटीतून ओढा. कुठे खरखरीत लागलं तर तेवढा कापून गाठ पुन्हा बांधा. या कामाला मिनिटही लागत नाही, पण चांगला मासा नुकताच बोटीत आलेला असताना नेमकं हेच राहून जातं. ब्रीमचे दात बारीक तिहेरी गळ चेपून वाकवतात, तेही त्याच वेळी तपासा.

जाळं घाईने घालणं

जोडीदाराने जाळं पाण्यात आधीच बुडवून स्थिर धरायचं आणि मासा डोक्याकडून आत ओढून घ्यायचा. शेपटीकडून जाळं मारलं की मासा पुढे उसळतो आणि बाहेर लोंबणारा गळ जाळीत अडकतो. मग मासा त्या अडकलेल्या गळावर झटके मारून सुटतो. रबरी जाळी घ्या, त्यात गळ कमी गुंततो आणि माशाचा चिकट थरही कमी निघतो.

मोजताना, ओळखताना

न्यू साउथ वेल्समध्ये ब्रीमची किमान कायदेशीर लांबी २५ सेंटिमीटर आहे. स्पर्धेचा नियम याहून कडक असू शकतो, लांबी मोजायची रीतही वेगळी असू शकते, म्हणून सूचनापत्रक वाचा. पट्टी ओली करा, तोंड बंद करून नाक आडव्या पट्टीला टेकवा. लांबीत जेमतेम बसणारा मासा सोडून द्या. त्याच्या वजनाने फरक पडत नाही आणि वादात सगळं गमावण्याचा धोका राहतो.

टारव्हाइन हा मासा ब्रीमसारखाच दिसतो. त्याचं नाक बोथट आणि गोलसर असतं, अंगावर खवल्यांच्या ओळींनी सोनेरी रेषा असतात. दमलेल्या डोळ्यांना घाईत तो ब्रीम वाटतो, आणि वजनाच्या टेबलावर तो बाद होतो.

सहावा मासा आला की लहान कोणता हे डोळ्यांनी ठरवू नका. प्रत्येक माशाला रंगीत क्लिप लावा आणि बोटीतल्या, मासे जिवंत ठेवायच्या टाकीत घालतानाच वजन करून क्लिपच्या रंगासमोर लिहा. ४०० ग्रॅमचे पाच मासे म्हणजे २ किलो. त्यातला एक बदलून ९०० ग्रॅमचा आला तर अर्धा किलो वाढतं. म्हणून पाच पूर्ण झाल्यावर लहान मासे देणारी जागा सोडायची हिंमत हवी.

टाकीतला मासा मरणं

मेलेल्या माशाला दंडाचं वजन कापलं जातं, कधी तो धरतही नाहीत. याची बरीच कारणं आधी ओळखता येतात. बोट वेगात वर उचलली गेली की पाणी ओढणाऱ्या पंपाचं तोंड पाण्याबाहेर येतं, पंप हवा ओढतो आणि टाकी हळूहळू रिकामी होते. म्हणून धावण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरा, बाहेर जाणारी वाट बंद करा आणि आतलंच पाणी फिरवणारा पंप चालू ठेवा. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळत नाही, त्यामुळे मासा भिंतींवर आपटत नाही. अर्धी टाकी लाटांत फार वाईट.

उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बंद बाटलीत गोठवलेलं पाणी टाकीत ठेवा आणि तापमान तीन-चार अंशांनीच उतरवा. नळाच्या पाण्याचा सुटा बर्फ टाकू नका, त्यातलं क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना घातक असतं. टाकीच्या पंपाला आणि इलेक्ट्रिक मोटरला वेगवेगळ्या बॅटऱ्या हव्यात, नाहीतर दुपारी दोन्ही एकदम बसतात.

परतीचा हिशोब

सरोवर उत्तर-दक्षिण वीस किलोमीटरहून लांब आहे. उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा वारा सुटला की सकाळी पंधरा मिनिटांत कापलेलं अंतर दुप्पट वेळ घेतं. वाटेत चार नॉटची वेगमर्यादाही असते. उशिराला मिनिटागणिक दंड आणि ठरावीक मर्यादेनंतर बाद, असं साधारण असतं. परत निघायची वेळ सकाळीच ठरवा आणि घड्याळ एकाकडेच द्या. मुख्य इंजिन चालू असताना लाइफजॅकेट अंगावर आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाला बांधलेली, यात सवलत नाही.

धक्क्यावर पोहोचताच पिशवीत मासे भरू नका. आधी रांग बघा. रांग लांब असेल तर मासे टाकीतच राहू द्या, पंप चालू ठेवा. तुमच्या पुढे दोनच जोड्या उरल्या की पिशवी टाकीतल्याच पाण्याने निम्मी भरा, मासे त्यात पूर्ण बुडू द्या आणि सरळ वजनकाट्याकडे चला.